धूळपाटी आणि ताम्रपट

लिहिलेलं पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि कशावर असतो? अनुवादाचं काम करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पण गेल्या काही वर्षांत मला तो सर्वांत स्वच्छ रूपात दिसला तो साहित्याच्या वर्गात नव्हे, तर प्रोग्रामर मंडळींच्या एका रोजच्या, रुक्ष वाटणाऱ्या कामात. डेव्हलपमेंटचा डेटाबेस 'रीसेट' करणं, म्हणजे सगळं उडवून टेबलं नव्याने उभी करणं, हे ते काम. ज्यांना हे रोज करावं लागतं त्यांना यात काही नैतिक प्रश्न आहे असं वाटत नाही. मला वाटतं आहे, आणि तो नीट मांडता यावा म्हणून आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं.

डेटाबेसला दोन अंगं असतात. एक म्हणजे त्यात साठवलेल्या नोंदी, आणि दुसरं म्हणजे त्या नोंदी ज्या चौकटीत बसतात ती चौकट: कोणती टेबलं, त्यांत कोणते रकाने, कोणत्या रकान्यात आकडा, कोणत्यात मजकूर, कोणता रिकामा ठेवलेला चालेल आणि कोणता नाही. या चौकटीला स्कीमा म्हणतात. काम सुरू करताना आखलेला स्कीमा सहसा टिकत नाही. जग आपल्या रकान्यांपेक्षा गुंतागुंतीचं आहे हे दुसऱ्याच आठवड्यात कळतं. मग रकाना वाढवावा लागतो, एका टेबलाची दोन करावी लागतात, एखादं नाव बदलावं लागतं. हा प्रत्येक बदल एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. तिला मायग्रेशन म्हणतात. जँगो या साधनात या फाइलींना चार आकडी अनुक्रमांक असतो, रेल्समध्ये फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. शिवाय कोणकोणती मायग्रेशन्स आपल्यावर लागू झाली आहेत याची यादी डेटाबेस स्वतःच्या पोटात, एका वेगळ्या टेबलात बाळगतो. म्हणजे त्याला आपला सगळा इतिहास ठाऊक असतो असं नाही, पण आपण कोणत्या पायऱ्यांनी इथवर आलो तेवढं ठाऊक असतं.

'मायग्रेशन' या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. आपल्याकडे स्थलांतर म्हणजे माणसं घर सोडून जातात आणि घर मागे राहतं. इथे नेमकं उलटं होतं. नोंदी जागच्या जागी असतात आणि त्यांच्याभोवतीचं घर बदलतं. आत माणसं राहत असताना भिंत पाडून दार काढण्यासारखं हे आहे, आणि त्यातली सगळी अवघड बाजू त्या 'राहत असताना'मध्ये आहे.

प्रत्येक मायग्रेशनला पुढे जाण्याची कृती असते, आणि शक्य असेल तर मागे येण्याचीही. रकाना वाढवला असेल तर मागे येताना तो काढून टाकायचा. पण रकाना काढून टाकला असेल तर? मागे येताना रकाना परत उभा करता येतो, त्यातला मजकूर परत आणता येत नाही. रेल्समध्ये अशा ठिकाणी प्रोग्रामरला सरळ लिहून ठेवता येतं की ही पायरी मागे घेता येणार नाही. कोणी मागे यायचा प्रयत्न केला की साधन अडून बसतं. मला ही सोय फार आवडते. आपण केलेली गोष्ट परतवता येणार नाही, हे ती करतानाच लिहून ठेवायची सोय माणसांच्या व्यवहारात फारशी नाही.

हॅना आरेन्ट यांनी 'द ह्यूमन कंडिशन' या 1958च्या ग्रंथात मानवी कृतीच्या दोन अडचणी सांगितल्या आहेत. केलेली कृती परत घेता येत नाही, आणि तिचं पुढे काय होईल ते आधी कळत नाही. पहिलीवर त्यांनी सांगितलेला उपाय क्षमा, दुसरीवरचा वचन. हे दोन्ही उपाय एकट्याने करता येत नाहीत, त्यांना दुसरं माणूस लागतं, हा त्यांच्या म्हणण्यातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. रीसेट या दोन्ही उपायांना वळसा घालून जातं. परत घेता न येणारी गोष्ट ते मुळात घडलीच नाही अशी करतं. त्यासाठी कोणाची क्षमा मागावी लागत नाही, कोणाला वचन द्यावं लागत नाही. एक कमांड पुरते. म्हणूनच ते इतकं मोहाचं आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं फार झालं. डेव्हलपमेंटचा डेटाबेस हा मुळात पुसण्यासाठीच असतो. आणि हे खरं आहे. प्रोग्रामर एकाच रचनेच्या किमान दोन प्रती ठेवतो. एक त्याच्या स्वतःच्या यंत्रावर, जिथे तो काहीही मोडू शकतो, हे डेव्हलपमेंट. दुसरी सर्व्हरवर, जिथे खरी माणसं खऱ्या नोंदी करतात, हे प्रॉडक्शन. पहिल्या प्रतीत बनावट नावं, बनावट पत्ते असतात. ती पुसली तर कोणाचं काही जात नाही.

आपल्या परंपरेत या दोन प्रतींना उत्तम नावं आहेत. पूर्वी पाटीवर किंवा फळीवर बारीक धूळ पसरून मुलं तिच्यावर अक्षरं गिरवत. हात फिरवला की पाटी पुन्हा कोरी. ही धूळपाटी. आणि दुसऱ्या टोकाला ताम्रपट, ज्यावर राजाने दिलेलं दान कोरून ठेवायचं, चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावं म्हणून. ताम्रपटाच्या शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप असतो. महाराष्ट्रात आणि कोकणपट्टीत शिलाहार आणि यादव काळातले गधेगाळ सापडतात, दगडावर कोरलेली अशीच दानं, ज्यांच्यावर मोडणाऱ्यासाठी लाज आणणारी शिवी चित्रासकट कोरलेली असते. शाप कोणासाठी, तर पुढे येणाऱ्या राजासाठी, ज्याच्या हातात पुसण्याची सत्ता असेल त्याच्यासाठी. रेल्समध्ये याचीही एक सौम्य आवृत्ती आहे. डेटाबेस आपण प्रॉडक्शनचा आहोत ही गोष्ट एका टेबलात नोंदवून ठेवतो, आणि कोणी त्याला उडवायची कमांड दिली तर साधन नकार देतं. नकार ओलांडायची वाट आहे, पण ती कमांडसोबत एक वेगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हाताने लिहून, जाणूनबुजून घ्यावी लागते. शापाचं कामही एवढंच असावं. तो कोणाला थांबवत नाही, पण चुकून होऊ देत नाही.

मग प्रश्न सोपा झाला का? धूळपाटी खुशाल पुसावी, ताम्रपटाला हात लावू नये. माझी अडचण अशी की कोणती वस्तू धूळपाटी आहे आणि कोणती ताम्रपट, हे त्या वस्तूवर लिहिलेलं नसतं. ते कोणीतरी ठरवतं. आणि जो ठरवतो आणि जो लिहितो ते नेहमी एकच माणूस नसतात.

मी बंगळूरला राहते आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी कन्नड-मराठी अनुवादांची एक सूची करायला घेतली. दोन्ही बाजूंनी शंभराहून अधिक वर्षांचा व्यवहार आहे, पण कोणतं पुस्तक कोणी, कधी, कशावरून आणलं हे एका जागी कुठेच नाही. डेटाबेस बांधायला मूळचा सोलापूरचा एक तरुण प्रोग्रामर मिळाला. रकाने कोणते असावेत हे सांगणं माझ्याकडे होतं. पहिल्या आराखड्यात 'मूळ पुस्तक' असा एक रकाना होता, त्यात एकच नोंद बसत होती.

हा रकाना किती भाबडा आहे हे लवकरच दिसलं. आमच्या सूचीबाहेरचं, सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घ्यायचं तर 'गीतांजली'. रवींद्रनाथांची बंगाली 'गीतांजलि' 1910ची. 1912मध्ये लंडनहून निघालेली त्यांची इंग्रजी 'गीतांजली' हे तिचं भाषांतर नव्हे. तिच्यातल्या 103 कवितांपैकी सुमारे निम्म्याच त्या बंगाली संग्रहातल्या आहेत, बाकीच्या त्यांच्या इतर संग्रहांतून आल्या आहेत. मग मराठीतल्या एखाद्या 'गीतांजली'चं मूळ कोणतं? बंगाली, इंग्रजी, की मध्ये तिसरीच एखादी भाषा? कन्नड-मराठी व्यवहारातही हेच होतं. काही पुस्तकं थेट आली, काही हिंदीमार्गे, काही इंग्रजीमार्गे, आणि कित्येकांवर याचा उल्लेखच नाही. तेव्हा 'मार्ग' असा नवा रकाना लागणार होता.

रकाना वाढवणं सोपं. अडचण आली ती जुन्या नोंदींची. नवा रकाना सक्तीचा करायचा असेल तर आधीच्या प्रत्येक नोंदीत काहीतरी मूल्य घालावंच लागतं, आणि साधन विचारतं: जुन्या ओळींसाठी कोणतं मूल्य धरू? प्रोग्रामरने सहज म्हटलं, "थेट धरूया, ताई. बहुतेक तेच असणार." त्याच्या दृष्टीने ही रिकामी जागा भरणं होतं. माझ्या दृष्टीने ते शेकडो पुस्तकांबद्दल एकदम केलेलं विधान होतं, आणि ते विधान करणारं माणूस कोणीच नव्हतं. आम्ही रकाना ऐच्छिक ठेवला. ज्याविषयी माहिती नाही तिथे रिकामं. डेटाबेसच्या भाषेत या रिकामेपणाला 'नल' म्हणतात. शून्याहून वेगळं, 'नाही' याहूनही वेगळं. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून माणसं नलला टाळतात. मला मात्र ती ज्ञानव्यवहारातली एक सभ्य गोष्ट वाटते.

इथपर्यंत बदल होते. रीसेटचा प्रश्न पुढे आला. एव्हाना प्रोग्रामरच्या मदतीला त्याचा एक मित्र आला होता, आणि दोघांनी आपापल्या यंत्रावर एकाच पायरीनंतरची दोन वेगवेगळी मायग्रेशन्स लिहिली होती. इतिहासाला दोन फांद्या फुटल्या. जँगो अशा वेळी पुढे जात नाही. दोन्ही फांद्या जुळवणारं तिसरं मायग्रेशन लिहा म्हणून सांगतं. पण फाइली पंचवीसेक झाल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या आधीच्या निम्म्यांची दुरुस्ती करणाऱ्या. अशा वेळी जे सर्रास करतात तेच त्याने सुचवलं: सगळी मायग्रेशन्स काढून टाकायची, डेटाबेस उडवायचा, आजचा आराखडा हाच पहिला आराखडा म्हणून पुन्हा एक क्रमांकापासून सुरुवात. "डेव्हलपमेंटचाच आहे ना, ताई. उडवला तरी काही बिघडत नाही."

मी त्याला विचारलं, त्यात नोंदी किती आहेत. त्याने मोजलं. सहाशेच्या वर निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच माणसाच्या. धारवाडचे एक निवृत्त ग्रंथपाल आमच्या कामात सामील झाले होते. खरी सूची खुली व्हायला वेळ होता म्हणून हात बसावा या हेतूने त्यांना चाचणीची प्रत दिली होती. त्यांनी चार महिने रोज सकाळी तिच्यात नोंदी केल्या. पुस्तक हातात घेऊन, पानं उलटून. आणि आमच्या रकान्यांत न मावणारं सगळं त्यांनी 'शेरा' या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवलं. एका ठिकाणी: अनुवादिकेचं नाव मुखपृष्ठावर नाही, प्रस्तावनेत आभारापुरतं आहे. दुसऱ्या ठिकाणी: ही प्रत दुसऱ्या आवृत्तीची, पहिलीत शेवटचं प्रकरण नव्हतं असं जुन्या वाचकांकडून ऐकलं, प्रत पाहायला मिळालेली नाही. नव्या आराखड्यात 'शेरा' रकाना नव्हता. तो 'नंतर बघू' या यादीत गेला होता.

आम्ही त्यांना फोन केला. चाचणीची प्रत म्हणजे काय ते प्रोग्रामरने समजावून सांगितलं. त्यांचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. "तुम्ही तिला काय म्हणता ते मला ठाऊक नव्हतं, बाई. माझ्यापुरती ती वहीच होती."

या वाक्यात माझा सगळा प्रश्न आला. 'डेव्हलपमेंट' हे नाव आमच्या डोक्यात होतं, सर्व्हरवरच्या एका सेटिंगमध्ये होतं. त्यांच्या टेबलावर नव्हतं. ज्या क्षणी एका माणसाने तिथे विश्वासाने काही ठेवलं, त्या क्षणी ती धूळपाटी राहिली नाही, मग तिच्यावर नाव काहीही असो. उलटही होतं. ज्या प्रॉडक्शनच्या डेटाबेसकडे कोणी कधी फिरकलंच नाही त्याला ताम्रपट म्हणण्यात काय अर्थ? पाटीचा प्रकार तिच्या लाकडावरून ठरत नाही. तिच्यावर कोणी काय सोपवलं आहे यावरून ठरतो. म्हणून पुसण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न 'हा कोणता सर्व्हर आहे' असा नसून 'इथे कोण लिहितं आहे' असा आहे.

पण यावरून 'म्हणून काहीही पुसू नये' असा निष्कर्ष कोणी काढला तर मी त्याच्याशी सहमत नाही. शेवटी आम्हीही रीसेट केलंच. आणि जितका विचार केला तितकं मला असं वाटू लागलं की पुसणं काही वेळा नुसतं क्षम्य नसतं, कर्तव्य असतं.

ते असं. मायग्रेशन्सची मालिका एक दावा करत असते: रिकाम्या जागेपासून सुरू करून या पायऱ्या क्रमाने चढलात तर आज जे आहे तिथे पोहोचाल. हा दावा खरा आहे हे कळणार कसं? एकदा सगळं पाडून, शून्यापासून चढून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि चढून पाहिलं की पुष्कळदा पोहोचता येत नाही. मध्येच कोणीतरी, कधीतरी घाईत, थेट डेटाबेसमध्ये हात घालून एक रकाना बदललेला असतो आणि त्याची फाइल लिहिलेली नसते. आज सगळं सुरळीत चाललेलं असतं ते या न नोंदवलेल्या हातावर. जोवर काही मोडत नाही तोवर तो हात दिसत नाही. जँगोमध्ये तर एखादी पायरी प्रत्यक्ष न चढता 'चढलो' अशी नोंद करण्याचीही सोय आहे. तिचं नावच 'फेक' आहे. तिचे रास्त उपयोग आहेत, पण तिने नोंद आणि घटना यांच्यात फट पडू शकते. ही फट रीसेट उघडी पाडतं. म्हणजे जो कधीच पुसून पाहत नाही तो इतिहास जपतो असं नाही. तो कदाचित आपला इतिहास खरा आहे की नाही हे तपासायचं टाळत असतो.

या ठिकाणी मला 'लीळाचरित्रा'ची आठवण होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी माणसांना भेटून, विचारून, पडताळून जमवल्या. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. ते रीसेट कोणी मागितलेलं नव्हतं. पण त्यातून काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पुन्हा उभं राहिलेलं एकच पुस्तक नव्हतं. वेगवेगळ्यांच्या स्मरणाचे वेगवेगळे पाठ झाले, आणि परंपरेने ते दडपून एकच एक केले नाहीत. कोणाच्या आठवणीत काय होतं याचा माग राहिला. शून्यापासून चढताना पायऱ्या वेगळ्या निघाल्या तर त्या वेगळ्या निघाल्या एवढं तरी लिहून ठेवावं, हा धडा मी तिथून घेते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. चुकांचा सगळा इतिहास कायम बाळगायचा का? दोनशे मायग्रेशन्स झाल्यावर नव्या माणसाला त्यांत काय कळणार? ज्या रकान्याचं नाव तीनदा बदललं त्याची तिन्ही नावं त्याने का वाचावीत? हा आक्षेप रास्त आहे. 1874मध्ये इतिहासाच्या उपयोगावर आणि तोट्यावर लिहिताना नित्शेने हेच बजावलं होतं की विसरल्याशिवाय जगता येत नाही. प्रोग्रामर यावर जो उपाय करतात त्याला 'स्क्वॉश' म्हणतात. अनेक पायऱ्या दाबून एक करायची. पण जँगोच्या पद्धतीत यालाही एक शिस्त आहे. नवी एकत्र पायरी लिहिली तरी जुन्या फाइली लगेच काढायच्या नाहीत. जुन्या पायऱ्यांवर अजून कोणाची प्रत अडकलेली असू शकते. सगळ्यांच्या प्रती पुढे आल्या की मगच जुन्या काढायच्या. शेवटचा माणूस पार होईपर्यंत साकव ठेवायचा, एवढाच याचा अर्थ.

ग्रंथांच्या जगात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर पुण्यात झालं. भांडारकर संस्थेने 1919मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती 1966मध्ये पूर्ण झाली. 1,259 हस्तलिखितं पाहून संपादकांनी शतकानुशतकांच्या भरीतून एक संहिता वेगळी काढली. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहावं ही घराघरांत माहीत असलेली कथा त्या संहितेत बसली नाही. पण ती फेकून दिली गेली नाही, परिशिष्टात गेली. वगळलेल्या ओळी तळटीपांमध्ये तारांकित होऊन राहिल्या. वरचा मजकूर स्वच्छ, आणि तो स्वच्छ करताना काय काढलं याचा हिशेब त्याच पानाच्या तळाशी. संपादकांचा निर्णय चुकला असेल असं वाटणाऱ्याला तो तिथल्या तिथे तपासता येतो. सत्ता वापरणं आणि तिचा हिशेब ठेवणं या दोन गोष्टी एकाच पानावर आल्या की पुसण्यातली दांडगाई बरीच कमी होते.

याच्या तुलनेत आपल्या प्रकाशनव्यवहारातली एक नेहमीची गोष्ट पाहा. जुना अनुवाद 'सुधारित आवृत्ती' म्हणून निघतो. कोणी सुधारला, काय सुधारलं, याचा कुठे उल्लेख नसतो. अनुवादक हयात नसेल तर त्याच्या नावावर त्याने न लिहिलेली वाक्यं छापली जातात. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ही लागू झालेल्या जुन्या मायग्रेशनची फाइल गुपचूप बदलण्यासारखी गोष्ट आहे. फ्लायवे नावाचं साधन हे होऊ देत नाही. प्रत्येक फाइल लागू होताना तिच्या मजकुरावरून काढलेला एक आकडा ते नोंदवून ठेवतं. नंतर फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी आकडा जुळत नाही आणि काम थांबतं. चूक दुरुस्त करायची असेल तर नवी फाइल लिहा, जुनीला हात लावू नका. भूतकाळ दुरुस्त करायचा नसतो, त्याच्यापुढे दुरुस्ती जोडायची असते. संपादनाच्या शाळेत हा नियम पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

आणि काही रचना अशा असतात ज्यांच्या बाबतीत डेव्हलपमेंटची प्रत असतच नाही. माझ्यासारख्या कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली. चालत्या, नांदत्या देशावर झालेलं ते एक प्रचंड मायग्रेशन होतं. प्रत्येक गावाला 'राज्य' हा रकाना होता आणि त्यात एकच मूल्य बसत होतं. ज्या घरांत आजी एका भाषेत ओवी म्हणायची आणि नातू दुसऱ्या भाषेत शाळा शिकायचा त्या घरांसाठी 'शेरा' रकाना नव्हता. कोणतं गाव कुठे जायला हवं होतं या वादात मला इथे शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की अशा वेळी ज्यांचं नुकसान होतं त्यांचं कोणी काही पुसत नाही. नव्या आराखड्यात त्यांना ठेवायला जागा नसते, इतकंच होतं. आमच्या सूचीतही धोका हाच होता. सहाशे नोंदी फाइलमध्ये उतरवून घेणं आणि नव्या डेटाबेसमध्ये परत भरणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि ते झालं. रकाना नसलेले शेरे मात्र बॅकअपच्या फाइलीत सुरक्षित राहूनही हरवले असते. कारण ज्याला रकाना नाही त्याच्याबद्दल कोणी कधी प्रश्न विचारत नाही. 'शेरा' रकाना परत आला तो या कारणाने. आज आमच्या सूचीतला सर्वांत अव्यवस्थित आणि सर्वांत जास्त वाचला जाणारा रकाना तोच आहे.

तेव्हा पुसण्याचा अधिकार कोणाला? मला जे सुचतं ते असं. ज्याने लिहिलं त्याला विचारलेलं असावं. पुन्हा उभं करण्याची कृती लिहिलेली असावी आणि ती खरोखर चालते हे पाहिलेलं असावं. जे नव्या रचनेत मावत नाही त्याची निदान यादी असावी. आणि आपण पुसलं, ही गोष्ट स्वतः पुसू नये. या चार गोष्टी केल्या तर धूळपाटीवरून हात फिरवायला हरकत नाही. मुलाचं अक्षर त्यानेच तर सुधारतं. यांतली एकही न करता जो 'नव्याने सुरुवात' म्हणतो, त्याच्या हाताखाली कोणाची वही आहे हे त्याला ठाऊक नसतं. मग तो सोलापूरचा भला मुलगा असो, प्रकाशक असो, की राज्य असो.

आमच्या डेटाबेसमध्ये आता पहिल्या क्रमांकाचं मायग्रेशन नवं आहे. त्याच्या सुरुवातीला प्रोग्रामरने दोन ओळींची टीप लिहिली आहे: याआधी पंचवीस पायऱ्या होत्या, त्या अमुक फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. ती टीप यंत्र वाचत नाही. ती पुढे कधीतरी हे काम हातात घेणाऱ्या, आज आम्हाला ठाऊक नसलेल्या माणसासाठी आहे.